जावयाच्या गाडीची बॅटरी

आमच्या घरी मोटारसायकल आली ती टेम्पोत बसून. हसू नका, खरं सांगतेय. पाडव्याच्या मुहूर्तावर आबांनी भोसरीच्या शोरूममधून गाडी घेतली, हार घातला, नारळ फोडला आणि तिथूनच भाड्याचा टेम्पो करून, खाली जुनी गादी अंथरून तिला घरी आणलं. गाडी रस्त्यानं चालवत आणली असती तर मीटर हलला असता, आणि हललेला मीटर काळेवाडीच्या पाव्हण्यांना चालणार नव्हता. काळेवाडीला माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, लग्न ठरलं होतं. मुलगा कंपनीत परमनंट, स्वतःची दोन खोल्यांची जागा, निर्व्यसनी. त्याच्या वडिलांनी सुपारी फुटली तेव्हाच सांगितलं, "हुंडा नको आपल्याला. आपण त्यातले नाही. फक्त गाडी द्या, मांडवात, सगळ्यांसमोर किल्ली हातात. आणि गाडी शून्यावर पाहिजे. जुनी रंगवून खपवली असं भावकीत कुणी म्हणायला नको." तेव्हापासून कुणी 'आपण त्यातले नाही' म्हणालं की माझं डोकं फिरतं. जे त्यातले असतात त्यांनाच हे सांगावं लागतं.

गाडी सोप्यात उभी राहिली, आबांची बाज असायची तिथं. बाज अंगणात गेली आणि तिच्याबरोबर आबाही. आईनं गाडीवर निळ्या फुलांची चादर घातली, कारण कोंबड्या उडून सीटवर बसायला बघायच्या. आमचं गाव मोशीच्या पुढं, चाकणच्या रस्त्यापासून आत. आता तिथं कंपन्यांची गोदामं आहेत आणि आमची विहीर कुठं होती ते मला दाखवता येत नाही, पण तेव्हा सोप्यात बसलं की समोर भाताचं खाचर दिसायचं. आबा भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेसवर कामाला होते. पहिली पाळी असली की पहाटे उठून सायकल मारत जायचे, डब्यात दोन भाकरी, झुणका आणि सोललेला कांदा. पावसाळ्यात डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ. दुपारी परत यायचे ते कमरेपर्यंत चिखलानं भरून, आणि सोप्यात चादरीखाली गाडी ठणठणीत कोरडी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. आबांना मोटारसायकल चालवता येत होती, वर्कशॉपच्या मालकाची गाडी घेऊन ते भोसरीभर कामं करायचे. पण या गाडीच्या सीटवर त्यांनी कधी साधा हात टेकला नाही. "जावयाची गाडी हाय," म्हणायचे, देवळाची पायरी चढताना माणूस बोलतो तसं हळू आवाजात.

लग्न वैशाखात होतं. हळदीचा दिवस आठवड्यावर आला आणि काळेवाडीला नवरदेवाची आजी वारली. वर्षाच्या आत कार्य नाही, वर्षश्राद्ध झालं की बघू, असा निरोप आला. झालं! आक्का अडकली आणि गाडीही अडकली. वर्षभर दोघींनी जशाच्या तशा राहायचं होतं. मुलीच्या अंगावर नजर ठेवायला अख्खं गाव असतं, पण उभ्या गाडीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शोरूमच्या मेकॅनिकनं निघतानाच आबांना बजावलं होतं, "मामा, गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. एकतर वापरा, नाहीतर चार्ज ठेवा." वापरायची तर नव्हतीच. मग चार्ज ठेवण्याचं काम माझ्याकडं आलं. मी बारावीला सायन्सला होते आणि आईच्या मते सायन्सवाल्यांना करंटचं कळतं. आक्काचं लग्न मोडू द्यायचं नसेल तर बॅटरी मरू द्यायची नाही, इतका सरळ हिशेब घरात झाला होता.

मग माझी रोजची सकाळ ठरून गेली. सोप्याचं दार सताड उघडायचं, चादर काढायची, मेन स्टँडवरच्या गाडीला किक मारायची आणि गिअर टाकायचा. मागचं चाक हवेत गरगर फिरायचं आणि मीटर ढिम्म, कारण त्या गाड्यांच्या मीटरची केबल पुढच्या चाकाला असायची. हे मी शोधून काढलं तेव्हा आबांनी माझ्याकडं मी बोर्डात आल्यासारखं पाहिलं. फळीवरची भांडी थरथरायची, कोंबड्या अंगणाच्या टोकाला पळायच्या, आई पदर नाकाला लावून चुलीपाशी बडबडायची. आठवड्यातून एकदा बाजूचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढायची. आधी काळी वायर सोडायची, मग लाल. पांढऱ्या डब्याच्या अंगावर दोन रेघा असायच्या, पाणी त्यांच्या मधे हवं. कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. यावर आईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "आपल्या हिरीचं पाणी साखरंसारखं गोड हाय, त्येला काय रोग झालाय?" टर्मिनलवर पांढरी भुकटी जमायची, ती गरम पाण्यानं धुवून वर व्हॅसलिन लावायचं. आमच्या टाचा फुटल्या तर आम्हाला खोबरेल तेल आणि बॅटरीला व्हॅसलिन. ॲसिडचा एखादा थेंब उडायचाच. माझ्या त्या वेळच्या सगळ्या ओढण्यांना बारीक भोकं होती.

त्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला अजून गोड लागते. आबा कामावर आणि आई खाचरात असली की आक्का यायची आणि चालू गाडीवर मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची. गिअर नसायचा, गाडी नुसती जागच्या जागी फुरफुरायची. आक्का डोक्यावर पदर घ्यायची, एक हात माझ्या खांद्यावर ठेवायची आणि ठसक्यात विचारायची, "आवं, कुठवर आलो?" मी पुढं बसून आवाज जाड करून म्हणायचे, "भोसरी गेली मागं, आता दिघी." "मग जरा दमानं चालवा की. केस इस्कटत्यात आमचं." आणि आम्ही दोघी हसून हसून पार वेड्या व्हायचो. आक्का घरात फार बोलायची नाही, पण नकला अशा करायची की मेलेला माणूस उठून हसावा. नवरदेवाला तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्याच्या ताटलीपलीकडून. तो वाईट नव्हता. तोंडातून शब्द न काढणारा माणूस, बापाच्या चपला उचलून ठेवणारा.

बाप मात्र पुरेसा बोलायचा. आबा त्यांना इवाई म्हणायचे, म्हणजे व्याही. महिन्या-दोन महिन्यांनी इवाईंची चक्कर असायची, आणि चपला काढायच्या आधी ते चादर काढायचे. मीटरला डोळा लावायचे, टाकीवरून बोट फिरवून धूळ बघायचे, मग चावी फिरवून हॉर्न दाबायचे. हॉर्न खणखणीत वाजला की मान हलवून बसायचे आणि चहा मागायचे. आक्का चहा घेऊन यायची. तिची तब्येत कशी आहे, काय करते, शिवणाचा क्लास लावणार होती त्याचं काय झालं, एक शब्द नाही. एकदा तिनं नमस्कार केला तर इवाई आशीर्वाद देता देता आबांना म्हणाले, "टायरमधली हवा बघत जा." आक्का वाकलेली तशीच राहिली. ते गेल्यावर तिनं त्यांची नक्कल केली, हॉर्न दाबून मान हलवण्याची, आणि आम्ही हसलो. पण त्या दिवशी ती आधी थांबली.

उभ्या उभ्या फुरफुरून बॅटरीचं पोट भरत नाही, हे मला उशिरा समजलं. गाडी रस्त्यावर पळाली तरच बॅटरी नीट भरते. शिवाय हॉर्न वाजतो की नाही हे मी रोज बघायची आणि त्यातच होती नव्हती ती ताकद जायची. आमच्या घरात सगळीच कामं अशी, जपायच्या नादात झिजवायची. भाद्रपदात इवाई आले, हॉर्न दाबला आणि आजारी बकरी ओरडावी तसा आवाज आला. त्यांनी परत दाबला. मग काहीच आवाज नाही. आबा गुन्हेगारासारखे बाजूला उभे. इवाई म्हणाले, "घरात उभी असलेली गाडी तुम्हाला जपता येत नाही, मग पोरीला काय वळण लावलं असणार?" आबा म्हणाले, "चूक झाली, इवाई." काय चूक झाली होती हो? आजही मला त्या 'चूक झाली'चा संताप येतो. इवाई उठता उठता म्हणाले, "दसऱ्यानंतर येतो. तोवर नीट करून ठेवा. नाहीतर आम्हालाही विचार करावा लागेल." आई आतल्या खोलीत जाऊन देवाच्या पुढं बसली. आक्का चहाच्या कपबशा धूत होती, आणि त्या धुऊन झाल्या तरी धूतच राहिली.

आबांनी वर्कशॉपातल्या वायरमनला धरलं. त्यानं एका पत्र्याच्या डब्यात घरच्या लाईटवर चालणारा चार्जर बांधून दिला. बॅटरी काढायची, वरची झाकणं सैल करायची, वायरींचे चिमटे लावायचे आणि दिवसभर ठेवायची. आत पाणी उकळल्यासारखं बारीक बुडबुडायचं आणि खोलीत एक आंबूस, नाकाला झोंबणारा वास सुटायचा. वायरमननं आबांना सांगितलं होतं, "खिडकी उघडी ठेवा, आणि जवळ बसून बिडी अजिबात ओढू नका. भडका उडंल." आबांनी घरी येऊन सगळ्यांना हुकूम सोडला, बॅटरीपाशी बिडी नाही. चुलते आले, त्यांना बिडी घेऊन अंगणात हाकललं. शेजारचा म्हातारा आला, त्यालाही. बॅटरी चार्ज होताना सोप्यात बिडी चालत नाही, हे गल्लीभर माहीत झालं. आणि आमच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की बॅटरीला घाण चालत नाही, सोवळं लागतं. भडका जाळानं उडतो, बिडीनं नाही, हे कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. बिडी वाईट, म्हणून नको, असं सरळ गणित.

परवा आमच्या सोसायटीत, इथं दिघीला, दसऱ्याची पूजा झाली. नातवाची इलेक्ट्रिक स्कूटर खाली चार्जिंगला लावलेली, आणि एक उत्साही बाई उदबत्त्यांचा पुडा पेटवून चार्जिंगच्या खोक्यापाशी चालली. मी अशी ओरडले की वॉचमन धावत आला. नातू म्हणाला, "आजी, ही बॅटरी वेगळी असते, हिच्यातून गॅस निघत नाही. चिल कर." मी चिल केलं. काय करणार? त्याला त्या वासाचं सांगून कळणार नाही, आणि कळू नयेच.

तर त्या वर्षीची खंडेनवमी. आबांच्या वर्कशॉपात सकाळी मशीनची पूजा झाली आणि दुपारी ते पेढ्यांचा पुडा आणि झेंडूच्या माळा घेऊन लवकर घरी आले. घरात पुरण शिजल्याचा वास, देव्हाऱ्यापाशी घटावर कडाकण्यांचा फुलोरा टांगलेला. पाटावर कोयता, विळा, खुरपी, आबांचे पाने मांडलेले. चादर काढून मी गाडी पुसली, आईनं माळ घातली, हँडलला गोंडे बांधले. बॅटरी सकाळपासून कोपऱ्यातल्या स्टुलावर चार्जिंगला होती, कारण दसरा उलटला की पाव्हणे केव्हाही टपकले असते. पावसाची झड आत येते म्हणून खिडकी आईनं लावून घेतली होती. गाडीची पूजा झाली. मग आईच्या मनात आलं, "गाडीचा जीव त्या डब्यात हाय आन् पूजा निसत्या धडाची? त्येलाबी ववाळा. सुमे, तुजी गाडी हाय, तूच ववाळ." सुमन म्हणजे आक्का. तिनं आईची हिरवी साडी नेसली होती. तबकात कापूर पेटवलेला.

मी म्हणाले, "आई, तिथं जाळ नको. बिडीसुद्धा नको म्हणालेत."

"आरती म्हंजे बिडी हाय का गं भवाने? देवाचा कापूर हाय त्यो!" आई कडाडली. "सणासुदीचं तोंड आवर जरा."

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "ववाळू दे पटकन. आन् व्हय बाजूला."

आक्कानं डाव्या हातात तबक धरलं आणि उजव्या हाताच्या बोटानं बॅटरीला कुंकू लावायला वाकली. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बॅटरीचं टोपण छताला लागलं. आक्का ओरडली नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. ती नुसती उभी राहिली, चेहरा एका बाजूला वळवून, आणि हिरव्या साडीवर आमच्या डोळ्यांदेखत भोकं पडत गेली. मग ओरडली. मी तिला फरफटत अंगणातल्या टाकीपाशी नेलं आणि बादलीनं पाणी ओतायला लागले, तोंडावर, मानेवर, हातावर. आई हळदीचा डबा घेऊन धावली, मी तिला ढकलून दिलं. पाणी, फक्त पाणी, रसायनशास्त्राच्या पुस्तकात तेवढी एक ओळ मी पाठ केलेली होती. डाव्या गालाची कड, मान, खांदा आणि डावं मनगट. डोळा वाचला.

"आबा, दवाखान्यात न्यायचं," मी म्हणाले. आबा सोप्यात पळाले. मी ओरडले, "बॅटरीवाचून चालू होते गाडी. किकवर होते. मी केलीय." आबांनी स्टँड काढला, माळेसकट गाडी उंबऱ्यापर्यंत आणली, किक मारली. पहिल्या किकला चालू झाली. इतक्या दिवसांची माझी मेहनत होती ती. आक्काला मी धरून आणलं, ओली चादर गुंडाळून, तिचे दात वाजत होते. बसवायचंच बाकी होतं. आणि आई म्हणाली, "अवो, मीटर..."

एवढंच म्हणाली. आबांनी मीटरकडं पाहिलं, आक्काकडं पाहिलं. गाडी फुरफुरत होती. मग त्यांनी चावी फिरवली, गाडी मागं सोप्यात नेली, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "फाट्यावर सिक्ससीटर घावंल. चला." त्यांना त्या वेळी काय वाटलं ते मी पुष्कळ वेळा समजून घ्यायचा प्रयत्न केलाय. त्यांना वाटलं असेल, पोरगी भाजलीय, आता लग्न आधीच धोक्यात आलंय, निदान गाडी तरी शून्यावर राहू दे. तिच्याच भल्यासाठी. आमच्याकडं मुलींचं सगळं वाटोळं त्यांच्याच भल्यासाठी होतं.

आणि खंडेनवमीच्या दिवशी फाट्यावर काय मिळणार? तालुक्यातली एकूण एक गाडी धुऊन, माळ घालून दारात उभी. सिक्ससीटर रिक्षावाले घरी पुरणपोळी खात होते. आम्ही पावसाच्या भुरभुरीत उभे, मी कळशीतलं पाणी आक्काच्या मानेवर सोडत होते, कळशी संपली तशी रस्त्याकडेच्या टपरीतून भरून आणली. लांबून गाडी दिसली की आबा रस्त्याच्या मधोमध जाऊन हात जोडायचे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी झेंडूच्या पोत्यांचा एक टेम्पो थांबला. भोसरीपर्यंत आक्का त्या पोत्यांना टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि तिच्या ओठांतून नुसतं "आई आई" चाललं होतं. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी ओतलंत ते बरं केलंत. पण इतका उशीर का? आणायला काही नव्हतं का?"

आबा म्हणाले, "गाडी न्हवती, डाक्टर."

आक्कानं डोळे उघडले. आबांकडं पाहिलं. परत मिटले.

हे सगळं लिहिणार आहे असं मी आक्काला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "लिही, पण आबांना राक्षस करू नकोस." ती माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहते, शिवणाचे क्लास घेते, अर्ध्या दिघीच्या बायका तिच्या हाताखाली शिकल्या. म्हणाली, "त्यांनी आयुष्यभर सायकल मारली गं आपल्यासाठी." मारली. मी कुठं नाही म्हणते? आबा शेवटी आजारी पडले तेव्हा तिनंच त्यांचं सगळं केलं. तिचा राग गेला. माझा नाही गेला, आणि तो घालवायची मला घाईही नाही. कुणीतरी एकानं तो सांभाळायला हवा. जळाली ती, आणि धग माझ्यात राहिली, त्याला मी तरी काय करू?

आक्का पट्ट्यांत असतानाच आबांनी नवी बॅटरी आणली. तिच्यात ॲसिड भरून पहिलं चार्जिंग करायचं होतं. मला म्हणाले, "शैले, एवढं कर." मी म्हणाले, "न्हाई करणार." आबांना मी तोंडावर नाही म्हणाले ते तेव्हा पहिल्यांदा. त्यांनी हात उगारला आणि खाली घेतला. भोसरीहून चार्ज करून आणली त्यांनी, सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून.

दिवाळी झाल्यावर इवाई आले, बरोबर नवरदेवाचा मामा. चादर काढली, मीटर पाहिला, हॉर्न दाबला. खणखणीत! मग बसले. आक्का बाहेर येणार नव्हती, पण मामा म्हणाले, बघितल्याशिवाय कसं? ती आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. इवाई म्हणाले, "पदर जरा मागं घे, पोरी." तिनं घेतला. जखमेवर नवी गुलाबी कातडी धरत होती. आईचा हुंदका तेवढा ऐकू आला. इवाईंनी घसा खाकरला, "झालं ते वाईट झालं. देवाची मर्जी. पण ठरलेलं मोडणारी माणसं आम्ही नाही. मांडव तोच, मुहूर्त तोच, गाडी तीच." आईनं हात जोडले. आक्काच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. आणि इवाई माझ्याकडं बघून म्हणाले, "धाकटी आहे की तुमची. सायन्सला आहे ना?"

मी आईकडं पाहिलं. आईचे हात जोडलेलेच होते, ते खाली आले नाहीत. आक्का उभी होती तिथंच, पदर मागं घेतलेला. तो पुढं ओढून घ्यायचंही तिला सुचलं नाही.

आबा उठले. आम्हाला वाटलं पाया पडतायत. ते गाडीपाशी गेले, किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "चहा घ्या आन् निघा."

"म्हणजे?" इवाई म्हणाले. "आणि गाडी?"

"गाडी माज्या पोरीची हाय. निघा म्हन्लो ना!"

त्यांनी चहाही घेतला नाही. जाताना पुष्कळ बोलले, गल्लीला ऐकू जाईल असं. मला तेव्हा आबांचा इतका अभिमान वाटला की सगळं विसरून मी त्यांच्या गळ्यातच पडणार होते. आक्का मात्र आत गेली आणि कपबशा उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला पट्टी बदलायला भोसरीला न्यायचं होतं. मी तिच्याबरोबर जायची. आम्ही चपला घालून अंगणात आलो तर आबांनी गाडी बाहेर काढलेली. चादर नाही, गोंडे सोडलेले, टाकी लख्ख पुसलेली. स्वतः धुतलेला सदरा घालून वर बसलेले. बैल गेला आणि झोपा केला! पण चेहरा असा, जसं काही लहान मूल खाऊ लपवून उभं आहे. म्हणाले, "सुमे, बस. माज्यासंगं चल. आता रोज गाडीवर नेतो तुला. कुणाला काय म्हनायचं ते म्हनू दे."

आक्का त्यांच्यासमोर थांबली. मानेवरची पट्टी सावरली. आवाज वाढवला नाही. म्हणाली, "जळत हुते तवा न्हाई बसवलंत, आबा. आता बसून काय करू?"

"पोरी, ऐक..."

ती चालायला लागली. मी मधे उभी. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी तिला गाठलं. मागून किकचा आवाज आला, मग गिअर पडल्याचा. बांधावरच्या रस्त्यानं आक्का पुढं, मी तिच्या बाजूला, आणि आमच्या मागं आबा, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला लावत, आमच्या चालीनं. खाचरातल्या बायका भात कापायच्या थांबून बघत होत्या. आबांनी एकदा हॉर्न वाजवला, बारीक, हाक मारल्यासारखा. आक्कानं मान वळवली नाही. फाट्यावर सिक्ससीटर भरायचा थांबला होता, आम्ही मागं दाटीवाटीनं बसलो, तोंड मागच्या रस्त्याकडं. आबा थोड्या अंतरावर थांबलेले, गाडी चालू ठेवून. सिक्ससीटर हलला तसे तेही निघाले, आमच्या मागोमाग, तोंडावर धूळ घेत, डोळे आक्कावर. शेजारची बाई म्हणाली, "त्ये तुमचं कोण हायती का? हात करायल्यात."

आक्कानं पदर गालावर ओढून घेतला आणि आत वळून ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, जरा जोरात घ्या."